वाढत्या अंगाचा बेस नको: मुलांची पहिली बेस गिटार घेताना

शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा घेतो. बूट एक नंबर मोठे, पुढे कापूस. सायकलसुद्धा तशीच, सीट तळाला बसवून. याच हिशेबानं मी थोरल्याला अकराव्या वर्षी बेस घेऊन दिला. दुकानदार म्हणाला, "ताई, मोठाच घ्या. पोरगं वाढतंय, छोटा दोन वर्षांत पडून राहील." मला पटलं. अठरा हजार मोजले आणि रिक्षात तो आडवा मावेना म्हणून डोंबिवली स्टेशनपासून घरापर्यंत आम्ही दोघं तो उभा धरून आलो.

तीन आठवड्यांनी तो म्हणाला, "आई, मनगट दुखतंय." मी म्हटलं, होईल सवय. दोन महिन्यांनी बेस कपाटामागे गेला तो गेलाच. मी मनातल्या मनात निकाल लावून मोकळी झाले की पोरात चिकाटी नाही.

पुढं आमच्या भजनी मंडळातल्या तबलजींचा भाचा घरी आला. तो ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. कपाटामागून बेस काढून त्यानं आधी तारांखाली बोट सरकवून पाहिलं, मग माझ्याकडे शिवणकामाचा टेप मागितला. "काकू, या तारा इतक्या उंच आहेत की मलाच दाबायला जड जातंय. आणि त्याचा हात इथं पुरणारच नाही. पोराचा काय दोष?" धाकटीनं नवव्या वर्षी बेसचा हट्ट धरला तेव्हा मी हे सगळं आधी शिकून घेतलं. खाली आहे ते त्यातूनच आलंय.

बेस कशासाठी असतो, एवढं आधी

बेस म्हणजे खर्ज. गाणाऱ्याच्या आणि ठेक्याच्या मधली जागा तो भरतो. १९५१ पर्यंत हे काम माणसाच्या उंचीच्या, उभ्यानं वाजवायच्या डबल बासकडे असायचं. त्या वर्षी कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला. गळ्यात अडकवायचा, विजेवर चालणारा, आणि सतारीसारखे पडदे असल्यामुळे सूर नेमका लागणारा. पडद्यांना इथं फ्रेट म्हणतात. त्याच्या तारेची मोकळी लांबी, म्हणजे वरच्या नटपासून खालच्या ब्रिजपर्यंतचं (तारा टेकतात त्या दोन टोकांमधलं) अंतर, ३४ इंच होतं. याला स्केल म्हणतात. तेव्हापासून ३४ इंच हेच प्रमाण माप होऊन बसलं. ते मोठ्या माणसांच्या हाताचं माप आहे, आणि दुकानात 'साधा बेस द्या' म्हटलं की तेच पुढे येतं.

तारा चार. पेटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर जाड तारेपासून पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. सगळ्यात जाड तार सेकंदाला जेमतेम ४१ वेळा कंप पावते. हा ४१ चा आकडा लक्षात असू द्या, पुढं अँप (आवाज मोठा करणारी पेटी) आणि शेजारी या दोन्ही ठिकाणी तो आडवा येतो.

घरच्या टेबलावर हाताचं माप

वय विचारून माप ठरवू नका. सात वर्षांची काही मुलं चांगली दणकट असतात, बारा वर्षांची काही चणीनं नाजूक. हात मोजा.

एका कागदावर तीन रेघा ओढा: ११ सेंटिमीटर, ११.५ सेंटिमीटर आणि १३ सेंटिमीटर. पहिल्या फ्रेटवर तर्जनी आणि चौथ्या फ्रेटवर करंगळी ठेवायची तर मध्ये एवढं अंतर पडतं. ११ चं अंतर २८.६ इंच स्केलच्या छोट्या बेसवर, ११.५ चं ३० इंचांच्या शॉर्ट स्केलवर आणि १३ चं ३४ इंचांवर. आता मुलाला डावा पंजा टेबलावर ठेवून तर्जनी आणि करंगळी फाकवायला सांगा, आणि दोन्ही बोटांच्या टोकांमधलं अंतर मोजा. रेघेइतकंच भरलं तर ते कमीच समजायचं, कारण नेकवर, म्हणजे फ्रेट बसवलेल्या लांब दांड्यावर, बोटं वाकलेली असतात आणि शिवाय तार दाबायची असते. रेघेपेक्षा दीडदोन सेंटिमीटर जास्त भरलं तर ते माप हाताला बसतं.

थोरल्याचं अकराव्या वर्षी १३ भरत होतं. म्हणजे ३४ इंचांवर पंजा पुरता ताणून तो कसाबसा चौथ्या फ्रेटला टेकत होता आणि दाबायला जोरच उरत नव्हता. धाकटीचं साडेबारा भरलं, तिला २८.६ इंचांचा घेतला. मोठा भाऊ मोठ्या मापात रडला आणि धाकटी छोट्या मापात हसली, यात चिकाटीचा संबंध कुठं आला?

हाही भाग सांगायला हवा की बेस वाजवणारी पुष्कळ मोठी माणसंसुद्धा पहिल्या चार फ्रेटवर चार बोटं पसरत नाहीत. तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी अशी तीनच वापरून हात सरकवतात. त्यामुळे रेघ म्हणजे काही शिक्षा नव्हे. पण शिकायला बसलेल्या मुलाला पहिल्याच महिन्यात दुखणं नको.

दुसरं माप दंडाचं. मुलाला खुर्चीत ताठ बसवा, बेस मांडीवर द्या आणि डावा हात पहिल्या फ्रेटपर्यंत नेऊ द्या. कोपर वाकलेलंच राहिलं पाहिजे. हात सरळ काठीसारखा झाला किंवा खांदा पुढे ओढला गेला, तर तो बेस मोठा. तिसरं वजन. पूर्ण मापाचा बेस साधारण चार किलोचा असतो. दप्तराचं ओझं आपल्याला रोज दिसतं, आणि हे ओझं तर एकाच खांद्यावर येतं.

घरात जुनी गिटार असेल तर बेस घ्यायची घाई नको

ही युक्ती फुकट आहे. साध्या सहा तारांच्या गिटारच्या दोन बारीक तारा काढून टाका. उरलेल्या चार जाड तारा बेसच्याच सुरात असतात, फक्त एक सप्तक वर. अमेरिकेतले बेसवादक व्हिक्टर वुटन यांची सुरुवात अशीच झाली. पाच भावांत ते शेंडेफळ, आणि घरच्या बँडला बेसवाला हवा होता. थोरले बंधू रेजी यांनी आपल्या एका गिटारच्या दोन तारा काढल्या आणि ती धाकट्याच्या हातात दिली.

दोन महिने मूल त्या चार तारांवर आपणहून बसलं तर दुकानात जायला हरकत नाही. नाही बसलं तर दोन तारांचे पैसे गेले, एवढंच. सात वर्षांच्या आतल्या मुलांसाठी मी तर हेच करेन, किंवा साधी उकुलेले, म्हणजे चार तारांची छोटी गिटार, देईन. बोटांना फ्रेटची ओळख होते आणि घरात हौदाएवढी पेटी येत नाही.

काय मागायचं

२८.६ इंचांत इबानेझचा मिक्रो आणि स्क्वायरचा मिनी पी बेस. ३० इंचांत स्क्वायरचा ब्रॉन्को, इबानेझचा टॅलमन. ही नावं फक्त माप कळावं म्हणून दिली आहेत, हट्ट धरायला नव्हे. नवे घेतले तर साधारण पंधरा ते पंचवीस हजार पडतात, भाव हलत राहतात. यापेक्षा फार स्वस्तातलं ऑनलाइन दिसतं. त्यात लाकडापेक्षा खुंट्यांचा त्रास जास्त असतो: सूर लावावा, तर दहा मिनिटांत उतरतो. मुलाचा कान तयार होण्याच्या वयात बेसूर वाद्य घरात असणं हे कुठल्याही वाद्याच्या बाबतीत वाईटच. तंबोरा न जुळवता कुणी रियाजाला बसवतं का?

'छोटा म्हणजे खेळण्यातला' असं कुणी म्हणालं तर त्याला पॉल मॅकार्टनींचं उदाहरण द्यावं. १९६१ मध्ये हॅम्बुर्गला त्यांनी व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर बेस घेतला, कारण तो स्वस्त होता. तो ३० इंचांचा शॉर्ट स्केलच आहे. पुढं त्यावर काय काय वाजलं ते जगाला माहीत आहे.

मॅकार्टनी डावखुरे, म्हणून ओघात एक: मूल डावखुरं असेल तर आपल्याकडच्या दुकानांत छोट्या मापाचा डावा बेस मिळायची मारामार आहे. माझं मत असं की आधी उजवा हातात देऊन पाहा. बेसमध्ये दोन्ही हातांना सारखंच काम असतं आणि पुष्कळ डावखुरी मुलं उजव्यावर निवांत बसतात. पण मूल दर वेळी वाद्य उलटं फिरवून धरत असेल तर जबरदस्ती करू नका, शोधत राहा.

पाच तारांचा बेस पहिला म्हणून अजिबात नको. नेक रुंद, वजन जास्त, आणि ती पाचवी तार दोन वर्षं कुणी छेडत नाही.

दुकानातला दिवस

मुलाला न सांगता वाद्य आणून वाढदिवसाला चकित करायचा मोह होतो. करू नका. चपला कुणी पाय न मोजता आणतं का? मुंबईत धोबी तलावला जेर महलखाली फुर्टाडोसचं जुनं दुकान आहे. १८६५ पासूनची पेढी. पणजी आणि मडगावलाही त्यांची दुकानं आहेत. तिथं किंवा तुमच्या गावातल्या ओळखीच्या दुकानात, गर्दी नसताना, आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळी जा. रविवारी संध्याकाळी गेलात तर शेजारी कुणीतरी जोरात गिटार झोडत असतो आणि तुम्हाला काही म्हणजे काही ऐकू येत नाही.

रंग मुलालाच निवडू द्या. तुम्हाला काळा शोभिवंत वाटेल, तिला भडक निळा हवा असेल. निळाच घ्या. त्या रंगासाठी ती रोज दोनदा स्टँडपाशी जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मग हे पाहा. मुलाला उभं करून पट्टा गळ्यात घाला आणि दोन्ही हात सोडायला सांगा. काही बेसची नेक लगेच जमिनीकडे झुकते, म्हणजे डाव्या हाताला वाजवता वाजवता तिला उचलूनही धरावं लागणार. असा बेस परत ठेवा. पट्टा किमान सहासात सेंटिमीटर रुंद घ्या, बारीक पट्टी खांद्यात रुतते.

एकेका तारेवर पहिल्या फ्रेटपासून शेवटपर्यंत प्रत्येक सूर वाजवून पाहा. तुम्हाला येत नसेल तर दुकानातल्या मुलाला वाजवायला सांगा आणि तुम्ही ऐका. एखाद्याच जागी खरखर आली तर तो फ्रेट उंच बसलाय. सगळीकडेच थोडी थोडी आली तर ते बहुधा सेटअपनं, म्हणजे कारागिराकडून वाद्य जुळवून घेतल्यानं, जातं. नेक डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून खालून वर बघा: किंचित पोक चालतो, पण दोरीसारखा पीळ दिसला तर घेऊ नका, पीळ निघत नाही. आवाजाची बटणं फिरवताना कडकड झाली तर धूळ असेल. केबल लावून ती खोबणीपाशी हलवली की आवाज तुटतो का, तेही पाहा. जुन्या वाद्यात हा जॅकच सगळ्यात आधी सैल होतो, पण दुरुस्ती किरकोळ आहे.

धाकटीचा बेस आम्ही जुना घेतला, ठाण्यातल्या एका कुटुंबाकडून, अकरा हजारांना. त्यांच्या मुलाचा हात मोठा झाला होता. मुलांचे छोटे बेस फार वाजून झिजत नाहीत, त्यामुळे जुन्यात हा सौदा चांगला बसतो. फक्त सोबत कुणी वाजवणारा न्या. त्याला चहा-वडापाव द्या, तुमचे हजारो वाचतात.

सेटअप: ज्याचं बिल पाहून लोक नाक मुरडतात

थोरल्याच्या वेळी मला हा शब्दच माहीत नव्हता. नवं वाद्य म्हणजे तयार वाद्य, अशी माझी समजूत होती. स्वस्त बेस कारखान्यातून येतात तेव्हा बहुतेकदा तारा उंच ठेवलेल्या असतात. उंच तार खरखरत नाही, म्हणून दुकानात तक्रार येत नाही. तक्रार येते ती मुलाच्या बोटांची, आणि ती तर दुकानापर्यंत पोचतच नाही.

बाराव्या फ्रेटवर तारेच्या तळापासून फ्रेटच्या माथ्यापर्यंतचं अंतर मोजा. साधी स्टीलची पट्टी पुरते. जाड तारेला साधारण अडीच मिलिमीटर आणि बारीक तारेला दोन, हे चांगलं माप. आमच्या मोठ्या बेसवर जाड तारेला चार भरलं होतं. पाऊण इंच जाडीच्या दोरीवर कपडे वाळत घालायचे असावेत, असा तो ताण. नऊ वर्षांची मुलगी ती तार कशी दाबणार?

गिटार दुरुस्त करणारा कारागीर तीन गोष्टी करतो. नेकच्या आत लोखंडी सळई असते, ट्रस रॉड, ती पाव वळसा फिरवून नेकचा बाक ठीक करतो. पहिला फ्रेट आणि शेवटचा फ्रेट एकाच वेळी दाबला की मधल्या सातव्या-आठव्या फ्रेटपाशी व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. मग ब्रिजवरचे छोटे स्क्रू फिरवून तारा खाली आणतो. शेवटी नटच्या खाचा पाहतो, कारण त्या उथळ असल्या तर पहिला फ्रेट दाबायला फार जड जातो, आणि नवशिकं मूल नेमकं तिथंच असतं. ट्रस रॉड घरी फिरवायच्या फंदात पडू नका. ब्रिजचे स्क्रू एकदा पाहून घेतले की घरी जमतात.

त्याच वेळी तारा हलक्या घालून घ्या. नेहमीचा संच ४५ ते १०५ चा असतो, हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात. मुलांना ४० ते ९५ किंवा १०० चा द्या. तारा महाग असतात, पण बेसच्या तारा गिटारसारख्या महिन्या दोन महिन्यांत मरत नाहीत. वर्ष सहज जातं. आम्हाला सगळं मिळून हजार-बाराशे मजुरी पडली, तारांचे वेगळे. थोरल्यासाठी हेच हजार तेव्हा खर्चले असते तर अठरा हजार कपाटामागे गेले नसते.

अँप, शेजारी आणि अर्थिंग

घरी सरावाला १० ते २५ वॅटचा बेस अँप भरपूर होतो. घरात गिटारचा छोटा अँप असेल तर हळू आवाजात त्यावर बेस वाजवता येतो. आवाज वाढवला तर मात्र त्याचा कर्णा खर्ज सोसत नाही, फाटतो. मोबाइलच्या स्पीकरवर तर तो ४१ चा सूर जवळजवळ ऐकूच येत नाही. म्हणून मुलाला बेस ऐकायला शिकवायचं तर बरे हेडफोन हवेत. हेडफोनमध्ये आवाज बेताचा ठेवा. शेजारी बसून तुम्ही हाक मारली तर त्याला कळली पाहिजे.

सुरुवातीला मी अँप फरशीवर ठेवला होता. चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. "तुमचा मिक्सर बिघडलाय का गं? रोज साडेसहाला माझी भांडी थरथरतात." खर्ज भिंतीतून आणि स्लॅबमधून जातो, दार लावून काही होत नाही. अँप उचलून लाकडी खुर्चीवर ठेवला, खाली जुन्या गादीचा तुकडा घातला, भांडी शांत झाली. काकूंनी नंतर स्वतःहून विचारलं, पोरगी आता कुठपर्यंत आली म्हणून.

आता अर्थिंग. जुन्या इमारतींत तीन पिनांचं सॉकेट दिसतं, पण तिसऱ्या भोकामागे कधीकधी तारच नसते. बेसच्या तारांना हात लावताना बारीक झिणझिण्या येत असतील, किंवा तारांना हात लावला की गुणगुण वाढत असेल, तर त्याच क्षणी प्लग काढा आणि वायरमनला बोलवा. 'जरा चावतंय, चालतंय' असं मुलांच्या बाबतीत म्हणू नका. तीन पिनांच्या अँपला दोन पिनांचं अडॅप्टर लावू नका. वायरमन येईपर्यंत बॅटरीवर चालणारा, बेसच्या खोबणीत थेट खोचायचा छोटा हेडफोन-अँप मिळतो, तो वापरा.

बाकी सामान: तीन मीटरची एक केबल, एक स्टँड, एक ट्यूनर (सूर लागला का ते दाखवणारा). कधीकधी जाड तारेचा सूर ट्यूनरला सापडत नाही. तेव्हा बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला बोट नुसतं टेकवून छेडायचं आणि लगेच उचलायचं. वरच्या सप्तकातला स्वच्छ सूर निघतो आणि ट्यूनर तो पकडतो. पेडल, इफेक्ट, 'पंधरा वस्तूंचा संपूर्ण संच' यातलं काही लागत नाही.

पहिले सहा आठवडे: एकट्याला वाजवू देऊ नका

माझं सगळ्यात ठाम मत इथं आहे. बेस हे साथीचं वाद्य आहे. एकट्या खोलीत बसून धुम, धुम, धुम वाजवणारं मूल महिन्याभरात कंटाळतं. मोठा माणूससुद्धा कंटाळेल. दहा मिनिटं का होईना, कुणीतरी सोबत वाजवा किंवा गा. मला गिटारमधलं काही येत नाही, पण पेटी येते, आणि तेवढं पुरलं.

मी काळी चारमध्ये गाते. जाड तारेच्या चौथ्या फ्रेटवर माझा सा. पुढच्या तारेवर दोन फ्रेट वर, सहाव्यावर, पंचम. पुढच्याच तारेवर तोच चौथा फ्रेट म्हणजे मध्यम. आणि मधली एक तार सोडून दोन फ्रेट वर, तिसऱ्या तारेच्या सहाव्यावर, वरचा सा. हा आकृतिबंध बेसवर कुठंही नेला तरी तोच राहतो. दुसऱ्या दिवशी काळी एकमध्ये गायलं तर हात फक्त दुसऱ्या तारेच्या चौथ्या फ्रेटवर न्यायचा, बोटांची चाल तीच. पेटीवर स्वर बदलला की पट्ट्यांची सगळी वाट बदलते. हे बेसचं सुख मला हेव्याचं वाटतं.

केरवा धरा. धा गे ना ती, न क धी न. 'धा'वर सा, पाचव्या मात्रेच्या 'न'वर पंचम. बाकी काही नाही. मी अभंगाचं ध्रुपद गाते, ती दोन सूर वाजवते. पहिल्या आठवड्यात ती समेवर यायला चुकायची आणि दर वेळी माझ्या तोंडाकडे बघायची. तिसऱ्या आठवड्यात मी मुद्दाम समेच्या आधी थांबले, आणि तिचा सा एकटाच बरोबर जागेवर पडला. तिनं मान वर केली नाही, पण तिचे कान लाल झाले होते.

हातांचं थोडं तंत्र. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीनं, अंगठा पिकअपवर (तारांखालच्या, आवाज टिपणाऱ्या पट्टीवर) टेकवून. डाव्या हाताचं बोट फ्रेटच्या धातूच्या पट्टीला लागून, तिच्या किंचित अलीकडे. दोन फ्रेटच्या मधोमध दाबलं तर जास्त जोर लागतो. डाव्या हाताची नखं कापलेली. बोटं पहिले दोनतीन आठवडे हुळहुळतात, ते चालतं. मनगट किंवा कोपर दुखलं तर ते चालत नाही, थांबवा आणि बसण्यात काय चुकतंय ते बघा. सगळ्यात अवघड काम म्हणजे नको असलेल्या तारा गप्प ठेवणं. मोकळी तार मागं घुमत राहिली की सगळं चिखल होतं. मूल म्हणेल 'मी बरोबर वाजवतोय तरी घाण ऐकू येतंय', तेव्हा त्याचं खरं असतं, फक्त दुसरीच तार बोलत असते.

रोज दहा-पंधरा मिनिटं. रविवारी दोन तास नव्हे. बेस पिशवीत ठेवू नका, हॉलमध्ये स्टँडवर ठेवा. चेन उघडणं एवढ्या आळसानंही सराव बुडतो. पाहुण्यांसमोर 'वाजवून दाखव' असं म्हणू नका. साथीदाराला एकटं उभं करून बोलायला लावण्यासारखं आहे ते. त्याऐवजी आत्याला गायला बसवा, बेस आपोआप येतो.

शिक्षक

शिक्षकांना एकच प्रश्न विचारा: तुम्ही स्वतः बेस वाजवता का? गिटार शिकवणारे बरेचजण 'बेसही घेतो' म्हणतात. पहिले तीन महिने त्यानं बिघडत नाही, पण पुढं उजव्या हाताचा आणि तालाचा कच्चेपणा राहतो. एक तास फुकट किंवा फी देऊन बसून पाहा. शिक्षक मुलाबरोबर वाजवतात की समोर बसून फक्त सूचना देतात, ते बघा. व्हिडिओवरून शिकता येतं, पण व्हिडिओला मुलाचं मनगट दिसत नाही.

ट्रिनिटी आणि रॉकस्कूल या दोन्ही ब्रिटिश संस्थांच्या बेसच्या परीक्षा आपल्याकडे होतात, सुरुवातीच्या टप्प्यापासून आठव्या ग्रेडपर्यंत. ज्या मुलांना तारीख ठरल्याशिवाय हात हलत नाही त्यांना उपयोगी. पण ग्रेडचे चार तुकडे वर्षभर घासून आणि दुसरं काहीच न वाजवता पास झालेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांना भजनाला बसवलं तर सा कुठला ते सापडत नाही.

मुलगी आहे, हे कशाला, असं कुणी विचारेल. आमच्याकडे विचारलं. लॉस एंजेलिसच्या कॅरल के १९६३ मध्ये एका रेकॉर्डिंगला बेसवाला आला नाही म्हणून गिटार ठेवून बेसला बसल्या आणि पुढं तिथल्या स्टुडिओंत सगळ्यात जास्त वाजणाऱ्यांत मोजल्या गेल्या. आणि मुंबईची मोहिनी डे तर आपल्या डोळ्यांसमोरची. वडील सुजॉय डे स्वतः बेसवादक, त्यांनी अगदी लहानपणापासून तिला तयार केलं. धाकटीला मी हिचे व्हिडिओ दाखवले. पहिल्यांदा ती खट्टू झाली, 'मला हे कधीच येणार नाही.' म्हणून सुरुवातीला फार मोठ्या वादकांचं दाखवूही नये, हेही मला तेव्हाच कळलं. शेजारच्या सोसायटीतला दादा बरा, जो आपल्यापेक्षा एकच वर्ष पुढे आहे.

पावसाळा

जूनमध्ये नेक फुगते, बाक बदलतो, तारा गंजतात. वाजवून झालं की सुती फडक्यानं तारा खालूनवरून पुसायच्या. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या. भिंतीला ओल असेल तर स्टँड आतल्या बाजूला. दिवाळीच्या आसपास हवा कोरडी झाली की एकदा कारागिराकडे नेऊन आणायचा. बंद गाडीत उन्हात कधीच ठेवू नका.

मोठा बेस कधी

तो टेबलावरचा कागद फेकू नका. आमचा फ्रिजवर लावलेला आहे, दर सहा महिन्यांनी हात ठेवायचा आणि तारीख घालायची. धाकटी आता बाराची आहे, पंजा चौदा भरतो. मोठ्यासाठी साडेचौदा-पंधरा हवेत. पण मधला एक रस्ता तिनंच शोधला. कपाटामागचा मोठा बेस बाहेर काढला, तारा खाली उतरवून घेतल्या आणि पाचव्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावला. पाचव्या फ्रेटपासून पुढं ३४ इंचांच्या तारेची साडेपंचवीस इंच उरते, म्हणजे साध्या गिटारएवढी. पाचव्यापासून आठव्यापर्यंतचं अंतर साडेदहा सेंटिमीटरही भरत नाही. कुणी मोठ्या भावाचा बेस फुकट देत असेल तर तुमच्याही कामाला येईल असं आहे हे. वजन मात्र तेवढंच राहतं, म्हणून बसून वाजवायचं.

निळा बेस विकायचा की ठेवायचा यावर घरात वाद चालू आहे. ठाण्याच्या त्या कुटुंबानं आम्हाला दिला तेव्हा पिशवीच्या खिशात त्यांच्या मुलाचा एक अर्धवट झिजलेला पिक, तार छेडायचा छोटा तुकडा, होता. तो अजून तिथंच आहे. थोरला परवा म्हणाला, "विकू नका. कॅपो काढून मोठा मला द्या, आणि निळा तिलाच राहू द्या." त्याचा पंजा मी मोजला. सोळा.